ऑटोसाहेब, तुमची बदली झाली आहे

प्रति,
श्री. ऑटो मोड,
मुक्काम हिरवी चौकट, कॅमेऱ्याच्या डोक्यावरचं चाक.

विषय : आपण आजवर परस्पर घेतलेल्या निर्णयांबद्दल आभार मानण्याबाबत.

महोदय,

पत्रास कारण की, तुमच्या कार्यकाळात माझ्या कॅमेऱ्यातून एकही फोटो साफ बिघडला नाही. एकही धड आला नाही हेही खरं, पण तो विषय तुमच्या अखत्यारीत येत नसावा. तुम्ही सगळ्यांना पास करता. पहिला नंबर कुणाचाच काढत नाही. एवढ्या समदृष्टीचा अधिकारी मी जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत पाहिलेला नाही.

कॅमेरा जुना आहे. मिररलेसचा जमाना आल्यापासून लग्नाचे फोटोग्राफर आपले डीएसएलआर विकायला काढतात, त्यातलाच एक. सोबत अठरा-पंचावन्नची लेन्स, एक पट्टा आणि एक उपदेश फुकट मिळाला. विकणाऱ्याने तुमच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “सर, हिरव्यावर ठेवा. बाकी सगळं तो बघतो.” तो म्हणजे तुम्ही. तेव्हापासून तुम्ही काय काय बघितलंत, त्याचा हा हिशेब.

सुरुवात कापसापासून करू. दसरा-दिवाळीच्या मधले दिवस, बदनापूरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी फुटलेली, बायका कमरेला ओटी बांधून वेचणीला लागलेल्या. ऊन असं, की कापसाकडे बघताना डोळे बारीक करावे लागत होते. फ्रेमभर कापूस घेतला, तुम्ही “पीप” केलंत, मी बटण दाबलं. घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहिलं तर परतीच्या पावसात भिजलेला, व्यापारी नाक मुरडून कमी भावात मागतो तसला मळका कापूस. जिनिंगवाल्याने तुमचा फोटो पाहून भाव काढला असता, तर शेतकऱ्याने तुमच्यावर थेट ग्राहक आयोगात दावा लावला असता.

मी शोध घेतला तेव्हा कळलं, की तुमच्याकडून चूक झालीच नव्हती. तुम्ही नियमाने वागला होतात. तुमच्या पोटातल्या मीटरला समोरून किती उजेड परत आला एवढंच समजतं. उजेड जास्त का आला, वस्तूच पांढरी आहे म्हणून की ऊनच कडक आहे म्हणून, हे त्याला ठरवता येत नाही. मग तोडगा म्हणून त्याने एक गोष्ट धरून चालायचं ठरवलं : जग सरासरीने करडं आहे, अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारं. कापूस दिसला, की “उजेड फार झाला, झाका”. नांगरलेली काळी रानं दिसली, की “उजेड कमी पडला, उघडा”. दोन्हीचा निकाल एकच. पांढऱ्याची राख, काळ्याचीही राख.

मराठवाड्याच्या माणसाला हे समजायला पुस्तक लागत नाही. आमच्याकडे याला पैसेवारी म्हणतात. गावच्या पिकाची सरासरी काढायची आणि ती पन्नास पैशांच्या वर गेली, की गावात दुष्काळ नाही, असा जुना दंडक. तलावाखालच्या चार जणांची पिकं तरारलेली असतात, माळावरच्यांची करपलेली असतात, कागदावर मात्र गाव खाऊन-पिऊन सुखी असतं. तुम्ही प्रत्येक फोटोची पैसेवारी काढता, ऑटोसाहेब, आणि दर वेळी ती बरोबर पन्नासच काढता. महसूल खात्याला इतकी अचूकता अजून जमलेली नाही.

आता अपील करायचं म्हटलं तर त्याचीही सोय कॅमेऱ्यात आहे. प्लस-मायनसचं एक छोटं बटण असतं. कापसाला एक-दीड प्लस द्यायचा, की कापूस कापसासारखा होतो. काळ्या पाषाणाला एक मायनस दिला, की पाषाण पुन्हा काळा होतो. मीटरला सांगायचं, “बाबा, तुझं गणित बरोबर आहे, पण समोर काय आहे ते मला माहीत आहे.” इतकं साधं बटण. पण तुमच्या राज्यात ते चालत नाही. माझ्या कॅमेऱ्यात तुम्ही गादीवर असलात, की ते कितीही दाबा, दगड. कुठल्या जागी फोकस करायचा तेही सांगता येत नाही. आधी निर्णय घ्यायचा आणि मग अपिलाच्या कचेरीला कुलूप लावायचं, ही तुमची खास शैली. तिला मी मनापासून दाद देतो.

न्यायाने बोलायचं तर एक जागा अशी आहे, जिथे तुमच्या हातून पाप होत नाही : मोसंबीची बाग. भौगोलिक मानांकन मिळालेली आमची जालन्याची मोसंबी. दाट हिरवा पाला उजेड परत देतो तो जवळजवळ तुमच्या लाडक्या सरासरीइतकाच, आणि फळही पिकलं तरी हिरवट अंगाचं. बागेत तुम्ही काढलेले फोटो मला आजही बदलावेसे वाटत नाहीत. मात्र २०१२-१३ च्या दुष्काळात याच बागा उभ्या वाळल्या, तेव्हा त्या पांढुरक्या फांद्यांचं तुम्ही काय केलं असतं, याचा विचार मनात येतो आणि मी तो सोडून देतो.

आता मामांचा विषय. तो मला सोडता येत नाही.

माझे मामा म्हणजे पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि या सगळ्या पांढऱ्याच्या मधोमध सत्तर वर्षांच्या उन्हाने भाजलेला चेहरा. मराठवाड्यातल्या कुठल्याही पारावर अशी चार माणसं दुपारी बसलेली असतात. मामांना ओसरीत बसवलं, मागे चुन्याची भिंत, तुमच्यावर विश्वास टाकला. तुम्ही पैसेवारी काढलीत. धोतर आलं, सदरा आला, टोपी आली, भिंत आली. चार मतं एका बाजूला आणि चेहरा एकटा. बहुमताने ठराव झाला, उजेड कमी करण्यात आला. मामांनी मागचा स्क्रीन लांब धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “आरं, ह्यो मव्हा फोटू हाय का मह्या सावलीचा?”

तुम्हाला वाटेल, खेड्यातला म्हातारा, त्याला काय कळतंय. पण ही तक्रार मामांच्या आधी मोठमोठ्या लोकांनी केली आहे. रोलच्या काळात रंग बरोबर छापला जातोय का, हे पाहायला लॅबमध्ये कोडॅकचं एक नमुन्याचं कार्ड असायचं. त्यावर एक गोरी बाई. पहिल्या मॉडेलचं नाव शर्ली, म्हणून ते शर्ली कार्ड. तिची त्वचा नीट आली, की मशीन नीट. सावळ्या माणसांनी आपले चेहरे डांबरासारखे येतात म्हणून वर्षानुवर्षं कुरकुर केली, तिचा फारसा उपयोग झाला नाही. पुढे १९७० च्या दशकात चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी तक्रार केली, की आमच्या जाहिरातींत तपकिरी रंगाच्या छटाच दिसत नाहीत. तेव्हा कुठे फिल्म सुधारायला घेतली. म्हणजे माणसाच्या कातडीला जे जमलं नाही ते शिसवी कपाटाला जमलं. फिल्म गेली, शर्लीही गेली. तुमच्या नव्या पिढीतले भाऊबंद चेहरा ओळखतात असं ऐकतो. मोबाइलमधले तर इतके पुढे गेलेत, की न सांगता मामांना गोरं करून मोकळे होतात. आमच्याकडच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचं जे होतं तेच. सावली नको म्हणावं तर शर्ली पुढे येते; मामा काही येत नाहीत.

मामांचा फोटो शेवटी निघाला. तुमची हिरवी चौकट सोडून चाक ‘ए’ वर, म्हणजे छिद्र मी ठरवायचं त्या मोडवर, आणलं, मीटरला आख्खी फ्रेम मोजण्याऐवजी स्पॉटवर लावलं, म्हणजे मधल्या बारक्या ठिपक्यापुरतंच मोजायला सांगितलं, आणि तो ठिपका मामांच्या गालावर धरला. सावळा गालही मीटर थोडा जास्तच उजळतं, म्हणून पाऊण मायनस. सदऱ्याच्या घड्या जरा उडाल्या, टोपी भिंतीत विरघळली. विरघळू दे. कपाळावरच्या आठ्या मोजून घेता येतात. धोतराचा फोटो हवा असेल तर मामा ते वाळत घालतात तेव्हा काढेन.

तुमच्या हाताखालच्या माणसांबद्दलही दोन शब्द बोललं पाहिजे. पहिला मान पॉपअप फ्लॅशला. भोकरदन तालुक्यात अन्व्याला यादवकालीन मंदिर आहे. उंच जोत्यावर, सगळं काळ्या दगडात, खांबांवर बोटभरही जागा मोकळी सोडलेली नाही. सभामंडपात पाऊल टाकलं, की डोळ्यांना आधी काही दिसत नाही, मग हळूहळू एकेक आकृती अंधारातून सुटी होत येते. ते तसं होणं हीच तिथली खरी गोष्ट. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तुम्ही कुणालाही न विचारता टप् करून फ्लॅश वर काढलात. समोरच्या एका खांबावर सरळ पांढरा झोत. ज्या कारागिराने छिन्नीने खोली आणली, त्याची सगळी मेहनत एका क्षणात सपाट. आकृत्या कागदावर छापल्यासारख्या. मागचे खांब मात्र जिथल्या तिथे अंधारात, कारण तुमच्या त्या फ्लॅशचा हात पोचतोच किती? गाइड नंबर साधारण १२, त्याला एफ/५.६ ने भागा. आयएसओ १०० वर दोन मीटरच्या थोडं पुढे खेळ खलास. तुम्ही आयएसओ चढवून आणखी काही पावलं मिळवता, एवढंच. आख्ख्या सभामंडपाला हा दिवा दाखवायचा आत्मविश्वास कुठून येतो, ते एकदा कळवा.

कोरीवकामाला आडवा उजेड लागतो, हे मला तिथे ओट्यावर बसल्या बसल्या दिसलं. ऊन डोक्यावर असताना जो खांब नुसता खडबडीत होता, त्याच्यावर उतरत्या दुपारी बाजूने तिरीप आली आणि नाक, हार, कमरपट्टा सगळं उठून उभं राहिलं. तेव्हा करायचं काय, तर फारसं काही नाही. फ्लॅश मिटवायचा, आयएसओ १६०० वर न्यायचा, कोपर खांबाला टेकवायचं, श्वास सोडताना बटण दाबायचं. थोडा दाणा येतो फोटोत. दगडाच्या फोटोत दाणा आला तर कुणाची हरकत आहे?

दुसरा मान फोकसला. तुमच्या कारभारात जो पुढे घुसतो त्याचं काम आधी. पोळ्याला आमच्या गल्लीत सजवलेला बैल आला. अंगावर झूल, शिंगांना हिंगूळ, वर बेगड, आणि डोळा असा, की त्यात आख्खी वेस दिसत होती. तुम्ही शिंगाचं टोक पकडलंत. ते सगळ्यात जवळ होतं ना. टोकाची बेगड अशी लख्ख, की तिच्यावरच्या सुरकुत्या मोजाव्यात, डोळा धुरात. मधला एकच फोकस पॉइंट ठेवायचा, तो डोळ्यावर धरून बटण अर्धं दाबायचं, अर्धंच दाबून ठेवत फ्रेम हलवायची आणि मग पूर्ण दाबायचं, हे तंत्र कुठलाही लग्नाचा फोटोग्राफर झोपेत करतो. मला ते बोटात बसायला वेळ लागला, बैल तेवढा वेळ थांबला नाही, आणि पुरणपोळी खाऊन निघून गेला.

व्हाइट बॅलन्सचं वेगळं खातं, पण वृत्ती तुमचीच. त्याचीही समजूत अशी, की समोरचे सगळे रंग एकत्र घोटले तर करडा व्हायला पाहिजे. नाही झाला, तर तो उजेडाचा दोष, दुरुस्त करा. मावसबहिणीच्या हळदीला मुलगी पिवळी, साडी पिवळी, पाट पिवळा, अंगणातला बल्बही पिवळा. साहेबांनी दोष दुरुस्त केला. हळद लागलेली मुलगी कावीळ उतरलेली दिसायला लागली. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये, परवानगी काढून, लांबून, लालबुंद सळई रुळांवरून सापासारखी सुटताना काढली तर तिथेही तेच. सळई अशी निस्तेज, की दुकानात रचून ठेवल्यासारखी थंड. ज्या शहराचा निम्मा बाजार स्टीलवर चालतो तिथे लोखंडाचा ताप काढून घेणं म्हणजे शौर्यच. आता मी तिथे व्हाइट बॅलन्स उन्हाच्या खुणेवर बांधून ठेवतो आणि पिवळ्याला पिवळं, लालाला लाल राहू देतो.

आणि धुळवड. जालन्यात त्या दिवशी हत्ती रिसाला निघतो, शंभरावर वर्षं जुनी मिरवणूक, अख्खं शहर रस्त्यावर आणि वर रंगाचा ढग. लेन्सवर पॉलिथिनची पिशवी रबराने बांधून मी गर्दीत शिरलो. इथे दोनच गोष्टी शोभतात. एकतर शटर हजारांशावर न्यायचं, म्हणजे हवेतल्या गुलालाचा कण न् कण थबकतो. नाहीतर पंधरांशाच्या आसपास आणायचं, म्हणजे उधळणाऱ्या हाताची लांबलचक लाट होते. तुम्ही दोन्हींच्या मध्ये कुठेतरी सोयीची जागा धरलीत. हात धड थिजलेला नाही, धड वाहता नाही. ज्याने रंग उडवला तो खाज सुटल्यासारखा दिसतोय. उजेडाची पैसेवारी समजू शकतो. हालचालीचीही काढाल असं वाटलं नव्हतं.

तुमचा कळस मात्र राजूरला झाला. अंगारकीला राजूरच्या गणपतीला जाणारे लोक रात्रीचे पायी निघतात. टॉर्च, अनवाणी पाय, मध्येच एखादा टाळ. उपास चंद्र बघून सोडायचा, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष पूर्वेला. चंद्र आला. शेतांच्या वर, तांबूस, एका बाजूने जरा झिजलेला. लोकांनी हात जोडले, मी तुम्हाला जोडले. तुम्ही आकाशाची सरासरी काढलीत, त्यात नव्याण्णव भाग अंधार, म्हणून शटर लांबवलंत, आयएसओ ताणलात, आणि माझ्या कार्डावर एक पांढरी गोल टिकली उमटवलीत. ना डाग, ना कड. फ्लॅशही उडवलात, साहेब. चंद्रावर. चार लाख किलोमीटरवर. तुमच्या हिंमतीला माझा साष्टांग नमस्कार.

चंद्राचं गुपित मला नंतर उमगलं आणि तुमचा राग जाऊन तुमची कीव यायला लागली. चंद्र रात्री दिसतो, पण तो रात्रीत नसतो. त्याच्यावर भर दुपारचं ऊन पडलेलं असतं. तो उन्हातला दगड आहे, आणि त्याचा फोटो उन्हातल्या दगडासारखाच काढायचा : पुनवेचा असेल तर एफ/११, आयएसओ १००, शटर शंभरांश. चतुर्थीचा थोडा खंगलेला, म्हणून एफ/८. उगवतीला धुळीच्या थरातून येतो, म्हणून आणखी थोडं उघडायचं. हे गणित तुम्हाला ठाऊक नाही असं नाही. समोर चंद्र आहे, हेच तुम्हाला ठाऊक नाही.

यालाच जोडून दिवसाचं सूत्र आहे, आणि ते तर आमच्या जिल्ह्यासाठीच कुणीतरी लिहून ठेवलं असावं. निरभ्र आकाश, कडक ऊन : एफ/१६ धरा, आयएसओ जितका तितकाच शटरचा भागाकार. शंभराला शंभरांश, दोनशेला दोनशेंश. मीटर नको, बॅटरीवर चालणारा कुणीच सल्लागार नको. युरोपातल्या लोकांना हे वर्षातून काही आठवडे उपयोगी पडत असेल. जालन्यात पाण्याची टंचाई वरचेवर जाहीर होते, उन्हाची अजून एकदाही झालेली नाही. एप्रिल-मेमध्ये मोती तलावाच्या काठावर मी हे सूत्र धरून तुम्हाला पूर्ण बंद ठेवलं आणि एक गंमत झाली. मी कॅमेऱ्याऐवजी सावल्यांकडे बघायला लागलो. सावलीची कड धारदार आहे तोवर सोळा. कड मऊ पडली, की अकरा. सावली पुसट झाली, की आठ. नाहीशी झाली, की पाच पॉइंट सहा. हे कोष्टक रोलच्या डब्याच्या पुठ्ठ्यावर छापलेलं असायचं. म्हणजे लोकांच्या घराघरांत ते पडलेलं होतं, आणि आपण डबा फेकून दिला.

तुमचं घराणं मोठं आहे, हे मी नाकारत नाही. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने कोडॅकची पेटी विकायला काढली. आत शंभर फोटोंचा रोल. तो संपला, की पेटीच कारखान्याला पाठवायची, तिकडे धुऊन छापून, नवा रोल भरून परत. गिऱ्हाइकाने बटण दाबावं, बाकीच्यात नाक खुपसू नये, हा तुमच्या घराण्याचा मूळ बाणा. त्याच सुमारास जालना ज्या निजामाच्या मुलखात होतं, त्या मुलखात लाला दीनदयाळ काचेच्या प्लेटा, तिपाई आणि नोकरांचा ताफा घेऊन फिरत होते. रुरकीला शिकलेला, इंदूरला सरकारी नोकरीत असलेला हा माणूस पुढे सहाव्या निजामाचा दरबारी फोटोग्राफर झाला आणि १८९४ मध्ये ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब घेऊन बसला. उजेड किती, प्लेट किती वेळ उघडी ठेवायची, हे त्यांचे डोळे सांगायचे. १९७८ मध्ये कॅननच्या ए-१ ने शटर आणि छिद्र दोन्ही आपणच ठरवायला घेतलं, तेव्हा तुमच्या वडिलांना पाळण्यात घातलं गेलं असं धरू. गंमत म्हणजे पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात तुमचा पत्ता नव्हता. १९७५ च्या डिसेंबरात कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने तो जुळवला : शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचा काळा-पांढरा फोटो, आणि तो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद. कॅमेरा विकणारा मला “चोवीस मेगापिक्सेल, चोवीस” असं दोनदा सांगत होता, तेव्हा हे माहीत असतं तर भाव आणखी थोडा पाडला असता.

एका गोष्टीत मात्र तुमचा हात धरणारा नाही. तुम्ही श्रेय कुणालाही घेऊ देत नाही, स्वतःही घेत नाही. मामांचा फोटो मोठा करून त्यांच्या ओसरीत लावला. आल्या-गेल्याने पाहिला. प्रत्येकाच्या तोंडी एकच : “कॅमेरा भारी दिसतोय.” मामा म्हणाले, “व्हय, म्हागातला हाय.” आता यांना कसं सांगावं, की हाच कॅमेरा, हीच लेन्स, हीच ओसरी आणि हीच टोपी, फक्त खुर्चीवरचे साहेब उठले होते. मी काही सांगितलं नाही. चहा प्यालो.

असो. शिकणाऱ्या माणसाने तुमच्याशी भांडावं, असं माझं म्हणणं नाही. त्याने तुम्हाला रोज एक प्रश्न विचारावा : साहेब, हा आकडा का? फोटो काढून झाल्यावर मागच्या स्क्रीनवर शटर, एफ आणि आयएसओ तिन्ही लिहिलेले असतात. तुमचे निर्णय तुम्ही लपवत नाही, फक्त कारण देत नाही. मी वहीत तुमचे आकडे एका बाजूला आणि माझे दुसऱ्या बाजूला लिहायला लागलो, त्या दिवसापासून तुमच्याकडून बरंच शिकलो. हिस्टोग्राम नावाचा उजेडाच्या आलेखाचा तो डोंगर आहे ना, तुम्ही तो कायम मधोमध उभा करता. माझा आता कापसात उजवीकडे सरकतो आणि अन्व्याच्या मंदिरात डावीकडे. त्याला मी बिघाड समजायचो.

तरी वरील सर्व बाबी विचारात घेता, जनहितार्थ आपली बदली पुढीलप्रमाणे करण्यात येत आहे. अंबडला मत्स्योदरीच्या पायऱ्यांवर सगळं कुटुंब उभं राहील आणि कॅमेरा कुणा अनोळखी भाविकाच्या हातात द्यावा लागेल, तेव्हा आपण हजर राहावं. भाचा “मामा, मला द्या, मला द्या” म्हणून पट्टा ओढेल, तेव्हाही. मोसंबीच्या बागेचा कायम कार्यभार आपल्याकडेच. कापूस, काळी रानं, मंदिर, मिल, धुळवड, हळद आणि माझ्या मामांचा चेहरा यांच्या बाबतीत आपणास कोणताही अधिकार राहणार नाही. प्रवासभत्ता देय नाही; चाकावरची दोन घरं सरकायची आहेत.

आपला विश्वासू,
एक शिकाऊ फोटोग्राफर,
जालना

प्रत माहितीसाठी : श्री. पॉपअप फ्लॅश. आपल्या दांडीवर काळी चिकटपट्टी लावण्यात आली आहे. हरकत असल्यास लेखी कळवावी.